विश्लेषण : एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पावडरी, फ्लोरोपॉलिमर निवडताना आणि हाताळताना काय पाहावे?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात नुसता रंग पाहून कोणी बैल घेत नाही. दात, खूर आणि चाल पाहिल्यावरच सौदा ठरतो. श्रीगोंदा तालुक्यातील या गावाहून दौंड जवळ आहे आणि दौंड तालुक्यातच कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींत काम करणाऱ्या किंवा त्यांना सुटे भाग पुरवण्यासाठी छोटे वर्कशॉप टाकू पाहणाऱ्या तरुणांची गाठ कधी ना कधी एका महागड्या पांढऱ्या पावडरीशी पडते. ती म्हणजे फ्लोरोपॉलिमर. गोणीवरून किंवा रंगावरून तिची पारख होत नाही. चुकीची पावडर घेतली तर माल भट्टीतून तडकून बाहेर येतो. हाताळणी चुकली तर कामगार आजारी पडतो.

फ्लोरोपॉलिमर म्हणजे नेमके काय?

कार्बन आणि फ्लोरिन यांच्या घट्ट बंधातून बनलेल्या प्लास्टिकच्या घराण्याला फ्लोरोपॉलिमर म्हणतात. त्यातील सर्वांत परिचित पीटीएफई. ‘टेफ्लॉन’ हे तिचे गाजलेले व्यापारी नाव. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या प्रयोगशाळेत वायूच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण सिलिंडरचे वजन मात्र भरत होते. सिलिंडर कापल्यावर आत पांढरी, मेणासारखी पावडर सापडली. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात हे द्रव्य पोहोचवले ते छत्रपती संभाजीनगरच्या भोगले कुटुंबाच्या ‘निर्लेप’ने. १९६८ साली सुरू झालेला हा उद्योग २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतला. कारखान्यांत हीच पीटीएफई गॅस्केट, व्हॉल्व्हच्या सीट, पाइपांचे अस्तर, वायरींचे आवरण आणि प्लंबरची पांढरी टेप या रूपांत दिसते. बहुतेक आम्ले तिला खात नाहीत आणि सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत ती सतत वापरता येते.

ती वितळवून साच्यात का ओतता येत नाही?

पीटीएफई सुमारे ३२७ अंशांना वितळते, पण वाहत नाही. वितळल्यावरही ती घट्ट जेलीसारखी जागच्या जागी राहते. म्हणून तिचे काम कुंभाराच्या पद्धतीने चालते. पावडर थंडच साच्यात दाबून कच्चा आकार घ्यायचा आणि मग तो भट्टीत साधारण ३६० ते ३८० अंशांपर्यंत हळूहळू तापवून पक्का करायचा. तापवण्याची किंवा थंड करण्याची घाई केली की जाड तुकड्याला आतून चिरा जातात.

मग ग्रेड कसा निवडायचा?

आधी वस्तू आणि तिची घडण ठरवावी, मग पावडर. चार मुख्य गट लक्षात ठेवावेत.

पहिला गट ग्रॅन्युलर पावडरीचा. दाबून घडवायच्या गोल ठोकळ्यांसाठी, पत्र्यांसाठी आणि रिंगांसाठी ती लागते. यातली बारीक दळलेली ‘फाइन कट’ पावडर दाट आणि गुळगुळीत माल देते, पण साच्यात सहज पसरत नाही. स्वयंचलित प्रेससाठी साखरेसारखी सरसर वाहणारी दाणेदार ‘फ्री फ्लो’ घ्यावी.

दुसरा गट ‘फाइन पावडर’चा. नावामुळे इथेच अनेक जण फसतात. ही ग्रॅन्युलरची अधिक बारीक आवृत्ती नव्हे. ती वेगळ्या प्रक्रियेने बनते आणि तिचे दाणे हाताला ‘फाइन कट’पेक्षा जाडच लागतात. पेट्रोलियम वर्गातील द्रव मिसळून तिची पेस्ट करतात आणि ती दाबाने बाहेर काढून पातळ नळ्या, वायरींचे आवरण व टेप बनवतात. तो द्रव ज्वलनशील असल्याने मिश्रणाच्या खोलीत ठिणगी चालत नाही.

तिसरा गट मायक्रोपावडरचा. शाई, ग्रीस आणि इतर प्लास्टिकमध्ये निसरडेपणा आणण्यासाठी ती मिसळतात. तिच्या रेणूंच्या साखळ्या आखूड असतात. त्यामुळे तिच्यापासून वस्तू घडवायला गेल्यास तुकडा हातात चुरतो.

चौथा गट खरोखर वितळून वाहणाऱ्या फ्लोरोपॉलिमरांचा. एफईपी सुमारे २६० अंशांना, पीएफए ३०५ अंशांच्या आसपास, तर पीव्हीडीएफ १७० अंशांच्या जवळपास वितळते. टाकीला किंवा पाइपला आतून अस्तर द्यायचे असेल, तर याच गटाकडे पाहावे.

झीज कमी व्हावी म्हणून पीटीएफईमध्ये काच, कार्बन किंवा ब्राँझ मिसळतात. मात्र तीव्र अल्कली किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल जिथे असेल तिथे काच नको आणि आम्लाच्या कामात ब्राँझ नको. पीटीएफई टिकते, आतला भरणा खाल्ला जातो.

पुरवठादाराला काय विचारावे?

दाण्यांचा सरासरी आकार, भरणघनता, बॅच क्रमांक आणि तपासणी अहवाल मागावा. मोठी खरेदी करण्याआधी त्याच बॅचचा एक तुकडा भट्टीत काढून पाहावा. आणखी एक प्रश्न टाळू नये : ‘पीएफओए’ वापरले आहे का? काही प्रकारांच्या निर्मितीत पूर्वी हे रसायन सर्रास वापरत. ते निसर्गात विघटित होत नाही. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाचे कारण ठरवले. निर्यातीच्या मालाला ‘पीएफओएमुक्त’ प्रमाणपत्र हमखास मागितले जाते.

साठवणीत ऋतूचा काय संबंध?

पीटीएफईची स्फटिकरचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. त्याखाली कण टणक असतात, त्यावर ते मऊ होतात. फाइन पावडर उबदार असताना हलवली, चाळली किंवा डबा आपटला, तरी तिच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात आणि गोळे होतात. गोळे झालेली पावडर पूर्ववत होत नाही. म्हणून ती १९ अंशांखाली थंड करूनच उघडावी आणि चाळावी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोच्या पत्र्याखाली तासन् तास पडलेल्या डब्याचे काय होत असेल, याचा विचार मागणी नोंदवतानाच करावा.

ग्रॅन्युलरचे तंत्र उलटे आहे. ती साधारण २२ ते २५ अंशांच्या खोलीत दाबावी. फार थंड असताना दाबली तर तुकड्याला चिरा पडतात. पावसाळ्यात थंड डबा दमट खोलीत लगेच उघडला, तर पावडरीवर दव धरते. डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण बंदच ठेवावे.

या पावडरीवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ ओढून घेते. सुताचा धागा किंवा धुळीचा कण भट्टीत जळून पांढऱ्या मालावर काळा ठिपका उमटवतो. म्हणून साचा भरण्याची खोली दळण-कापण्याच्या जागेपासून वेगळी आणि बंद असावी.

कामगाराला खरा धोका कशाचा?

गोणीतली पावडर सहसा निष्क्रिय असते. धोका उष्णतेबरोबर येतो. जास्त तापल्यावर पीटीएफईतून सूक्ष्म कण आणि विषारी वायू निघतात. ते श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजणे, ताप, अंगदुखी, छातीत जडपणा अशी लक्षणे दिसतात. याला ‘पॉलिमर फ्यूम फीव्हर’ म्हणतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते, पण जास्त वायू गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. फ्लूसारखाच दिसत असल्याने हा ताप ओळखू येत नाही. म्हणून डॉक्टरांना आपण कशावर काम करतो हे आवर्जून सांगावे.

याची सर्वांत सोपी वाट म्हणजे बिडी-सिगारेट. बोटांची किंवा खिशातली पावडर तंबाखूला लागते, जळत्या टोकाशी तापते आणि थेट छातीत जाते. कामाच्या जागी धूम्रपान पूर्ण बंद हवे. सुटीतही हात धुतल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये आणि पाकीट कामाच्या कपड्यांत ठेवू नये. भट्टीचा धूर पंख्याने खोलीत फिरवू नये, नळीने छताबाहेर काढावा.

सांडलेली पावडर आणि भंगार?

जमिनीवर सांडलेली पावडर बर्फासारखी निसरडी होते. ती झाडूने उडवू नये, व्हॅक्यूमने लगेच उचलावी. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या भुकटीशी तिची गाठ पडू देऊ नये, कारण तापल्यास ते मिश्रण भडकू शकते. पीटीएफई लागलेल्या भागावर थेट वेल्डिंग करू नये. कापलेले तुकडे कचऱ्याबरोबर शेताच्या बांधावर किंवा पत्र्याच्या ड्रममध्ये जाळणे सर्वांत घातक. स्वच्छ भंगार वेगळे ठेवले तर ते पुनर्वापरासाठी विकता येते. उरलेले अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवे.