सरकारी खर्चाने आलेला नायक

कष्टकरी घरातल्या मुलाने विद्यापीठाचे दार ठोठावावे, ही कथा १८९५ साली टॉमस हार्डीने ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मध्ये सांगितली, तेव्हा ती शोकांतिका होणे अपरिहार्यच होते, पाथरवटाचे काम करीत ग्रीक-लॅटिनचा व्यासंग धरणाऱ्या ज्यूडला महाविद्यालयाच्या प्रमुखाकडून आला तो, आपल्या धंद्यातच राहावे, असा लेखी सल्ला. १९४६ च्या ‘जिल’मध्ये फिलिप लार्किनने आपल्या लँकाशरी नायकाला शिष्यवृत्तीच्या बळावर ऑक्सफर्डात पोचविले खरे, परंतु धनाढ्य सोबत्यावर छाप पाडण्यासाठी त्या बुजऱ्या पोराला एक बहीणच कल्पून काढावी लागते, आणि वाचकाचे हसू ओठांवरच विरते.

वळण आले ते १९६२ साली. त्या वर्षी पार्लमेंटाने पदवीच्या विद्यार्थ्यांची फी आणि, घरची मिळकत पाहून, निर्वाहाची रक्कम देण्याची सक्ती स्थानिक शिक्षणखात्यांवर केली. आणि त्याच वर्षी ग्रॅनाडा टेलिव्हिजनवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही विद्यापीठांची प्रश्नमंजूषा सुरू झाली. डेव्हिड निकल्स यांच्या ‘स्टार्टर फॉर टेन’ या कादंबरीची ही दोन उगमस्थाने. तिचा नायक ब्रायन जॅक्सन १९८५ साली साउथएंडहून विद्यापीठात येतो तो पोटाची विवंचना सरकारी तिजोरीवर सोपवून. त्यामुळे लेखकाला त्याची फजिती अन्यत्र, म्हणजे पोशाखात, पांडित्याच्या प्रदर्शनात आणि ॲलिस नावाच्या सुखवस्तू मुलीपुढे, मनसोक्त करता येते. दिवंगत वडिलांसोबत लहानपणी पाहिलेल्या त्या प्रश्नमंजूषेच्या संघात बसणे, ही त्याची महत्त्वाकांक्षा.

निकल्स स्वतः त्याच दशकात ब्रिस्टलला शिकले. कादंबरी मात्र २००३ साली निघाली, आणि तोवर १९९० मध्ये कर्जे व १९९८ मध्ये फी येऊन ती जुनी उदार तरतूद दप्तरदाखल झाली होती. २०१२ पासून इंग्लंडात फीची मर्यादा नऊ हजार पौंडांवर गेली, तेव्हा ब्रायनची निश्चिंत फजिती हीच एक ऐतिहासिक वस्तू ठरली.

कादंबरीच्या अखेरीस ब्रायन प्रश्नाचे कार्ड चोरून पाहतो आणि कॅमेऱ्यासमोर प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन बसतो. हे निव्वळ प्रहसन म्हणून वाचता येईल. मला त्यात दिसतो तो, रीतसर प्रवेश मिळूनही आपल्या हक्काविषयी साशंक राहिलेला मुलगा. संघाचा सधन कर्णधार पॅट्रिक याला अशी चोरी करण्याची गरजच भासत नाही.