गरज आहे, मागणी नाही

अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगावे लागते की, गरज म्हणजे मागणी नव्हे. गरजेच्या पाठीशी किंमत मोजण्याची ऐपत आणि तयारी असेल, तरच ती मागणी ठरते. खाण्याच्या मानसिक विकारांत आधाराची गरज नेमकी येथेच अडते. येथे किंमत मोजावी लागते ती लाजेत.

२० नोव्हेंबर १९९५ रोजी बीबीसीने प्रक्षेपित केलेल्या मुलाखतीत ब्रिटनच्या राजघराण्यातील डायाना यांनी आपल्या बुलिमियाविषयी सांगितले. (ही मुलाखत ज्या फसवणुकीने मिळविली गेली, तिच्यावर २०२१ च्या चौकशी अहवालाने ठपका ठेवला, तो विषय निराळा.) या विकारात माणूस अनावर होऊन भरमसाट खातो आणि मग बहुधा मुद्दाम ओकून टाकतो. राजघराण्यातील कोणाची मदत मागितली का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर नकारार्थी होते. त्यांनी दिलेली कारणे मननीय आहेत. स्वतःची लाज वाटते, स्वतःचाच तिरस्कार वाटतो. आणि लोकांना वाटते की, ही अन्न वाया घालवते आहे. शिवाय वजन तेवढेच राहते, त्यामुळे सोंग अखेरपर्यंत वठविता येते.

अन्न वाया घालविण्याचा आरोप राजवाड्यातही तोंड बंद करीत असेल, तर आपल्या घरांत त्याचा भार किती असेल? १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. ताटात काही टाकू नये, हा तिचा आग्रह सोसलेल्या भुकेतून आला आहे. त्याला नावे कोण ठेवील? परंतु जिला घास गिळण्याचेच भय वाटते, त्या नातीने हे भय आजीला कोणत्या शब्दांत सांगावे? दुसरीकडे, ‘बारीक झालीस हो!’ हे आपल्याकडे कौतुकच असते आणि लग्नाच्या बाजारात तर ती जमेची बाजू. मुलग्यांनाही हा विकार होतो, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

२०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा मोफत सल्ला देते. पुरवठा वाढला, हे चांगलेच झाले. पण तो क्रमांक फिरविण्यापूर्वी ‘मला काही झाले आहे’ हे स्वतःशी कबूल करावे लागते. बहुतेकजण ते आधी घरात वा शिक्षकांपाशी चाचपून पाहतात, आणि ‘नखरे पुरे, दोन घास जास्त खा’ एवढे ऐकून परत फिरतात.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी आठवड्यातून चार दिवस उपवास असल्याचे सांगत असे. या वयात एवढी निष्ठा, म्हणून मी भर वर्गात तिचे कौतुक केले. वर्ष संपण्यापूर्वी ती रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा त्या उपवासांचा खरा अर्थ कळला. मला काही सांगावे, असे तिला कधी वाटलेही असेल. पण त्या कौतुकानंतर ती काय सांगणार होती?