शहाण्णव धावा आणि अर्धी खेळपट्टी

दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी, विलोमूर पार्क, 6 फेब्रुवारी 2024. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. यजमानांनी 244 धावा केल्या होत्या आणि भारताच्या डावातल्या पहिल्याच चेंडूवर, क्वेना मफाकाच्या उसळत्या चेंडूने सलामीवीर तंबूत परतला. बाराव्या षटकात फलकावर 4 बाद 32. एका बाजूला कर्णधार उदय सहारन पाय रोवून उभा होता. दुसऱ्या बाजूला आला बीडचा सचिन धस. दोघांनी पाचव्या गड्यासाठी 171 धावा जोडल्या. सचिन 95 चेंडूंत 96 धावा करून बाद झाला तेव्हा विजय बेचाळीस धावांवर आला होता. भारताने दोन गडी आणि सात चेंडू राखून सामना मारला.

चारच दिवस आधी ब्लूमफाँटेनला नेपाळविरुद्ध याच जोडीने 215 धावांची भागीदारी केली होती. सचिनच्या त्यात 116. त्याचा एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने 79 धावांनी जिंकला, पण स्पर्धा संपली तेव्हा सचिन धसच्या नावावर 303 धावा लागलेल्या होत्या.

क्रिकेटच्या नोंदवहीत हे सगळं कायमचं लिहिलं गेलं. धावा, चेंडू, चौकार, कुणी बाद केलं, कितव्या गड्यासाठी किती. हा खेळ नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर आहे. पण फलंदाज लहानपणी कशावर खेळून मोठा झाला याचा रकाना या वहीत नाही, आणि बीडच्या बाबतीत सगळी गोम तिथेच आहे. सचिन धस अर्ध्या खेळपट्टीवर घडला.

अर्धी खेळपट्टी म्हणजे काय, हे जरा नीट पाहिलं पाहिजे. पूर्ण खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे वीस मीटरहून थोडी जास्त लांब आणि दहा फूट रुंद. ती सगळी टर्फची करायची तर चिकणमातीचे थर भरायचे, पाणी द्यायचं, बेताची ओल राहिली की रोलर फिरवायचा, मग वाळू द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. वरच्या गवताची मुळं माती धरून ठेवतात. हे एकदा करून भागत नाही. सराव चालू आहे तोवर रोजचं काम आहे. चांगल्या टप्प्याचा चेंडू मात्र फलंदाजाच्या यष्ट्यांपासून सहा ते आठ मीटरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून ज्यांच्याकडे पैसा आणि पाणी बेताचं असतं ते फक्त फलंदाजाच्या बाजूचा तुकडा टर्फचा करतात. गोलंदाज साध्या जमिनीवरून पळत येतो, चेंडू मात्र टर्फवर पडून उठतो. फलंदाजाचं निम्मं शिक्षण त्यात होऊन जातं.

मॅटवर ते होत नाही. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवरून चेंडू उंच आणि बराचसा ठरल्यासारखा येतो. टर्फवर तोच चेंडू कधी खाली राहतो, कधी ओलीवर थांबून येतो, कधी भेगेवर पडून भलतीकडे वळतो. मॅटवर शंभरावर धावा कुटणारा पोरगा निवड चाचणीत टर्फवर उभा राहिला की पहिल्या दहा चेंडूंत पायचीत होतो, ही जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी व्यथा आहे. मोठ्या क्रिकेटलाही मॅट परकी नव्हती. कराचीत डिसेंबर 1959 मध्ये पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया कसोटी मॅटवर खेळली गेली आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ती पाहायला आले होते. त्यानंतर कसोटीतून मॅट गेली. आपल्याकडच्या तालुक्यांतून ती अजून गेलेली नाही.

बीडला माती कमी नाही. गेवराई, माजलगावकडे गोदाकाठची काळी माती विपुल आहे, आणि खेळपट्टीला चिकणमातीच लागते. अडचण पाण्याची. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत, आणि सरासरीवर तरी भरवसा कुठे ठेवायचा? काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. चार दिवस पाणी चुकलं की महिन्याची मेहनत फुकट जाते. सचिनच्या वडिलांनी मुलासाठी उसने पैसे घेऊन टर्फ तयार करून घेतलं आणि ते जगवायला दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा टँकर मागवावा लागे, ही हकिकत त्या विश्वचषकाच्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आली. वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस दलात. वडील स्वतः विद्यापीठ पातळीपर्यंत क्रिकेट खेळलेले. मुलाचं नाव कुणावरून ठेवलं हे सांगायला नकोच. पाठीवर आकडाही दहाचाच. प्रशिक्षक अझहर शेख यांनी साडेचार वर्षांच्या वयापासून त्याला घडवलं.

पाणी आणि खेळपट्टी यांचं भांडण या राज्यात एकदा थेट उच्च न्यायालयात गेलं होतं. एप्रिल 2016. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मैदानांवर किती लाख लिटर पाणी जातं याचा हिशेब तेव्हा देशभर झाला. तो निर्णय योग्यच होता. माणसं तहानलेली असताना गवत हिरवं ठेवणं शोभत नाही. सचिन तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे 2023 च्या ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या तालुक्यांत वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. सव्वातीन महिन्यांनी बेनोनीचा सामना झाला. त्या 96 धावांचं मोल कुणाला कळावं यासाठी या दोन तारखा शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

बीडचं नाव क्रिकेटच्या वहीत त्याआधीही लागलेलं होतं. संजय बांगर यांचा जन्म 11 ऑक्टोबर 1972 चा, बीडचा. महाराष्ट्राच्या वयोगटांतून पुढे येऊनही रणजीत ते खेळले रेल्वेकडून. प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि तीनशे बळी, हा अष्टपैलू हिशेब भारतात मोजक्यांनाच जमला आहे. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केलं आणि 36 धावा काढल्या. त्याच सामन्यात औरंगाबादच्या इक्बाल सिद्दीकी यांनीही पदार्पण केलं. मराठवाड्यातल्या दोन खेळाडूंना एकाच दिवशी कसोटीची टोपी! शेवटच्या डावात जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा गोलंदाज सिद्दीकी सलामीला गेले आणि नाबाद राहून परतले. त्यांची ती एकमेव कसोटी. या योगायोगाची आठवण मराठवाड्यात जेवढी निघायला हवी तेवढी निघत नाही.

बांगर यांचं कसोटी शतक फेब्रुवारी 2002 मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध झालं, नाबाद 100. पण जाणकार त्यांना ओळखतात ते ऑगस्ट 2002 च्या हेडिंग्ली कसोटीवरून. ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, तरीही भारताने पहिली फलंदाजी घेतलेली. सेहवाग 8 धावांवर गेला. मग राहुल द्रविड आणि बांगर यांनी 170 धावा जोडल्या. बांगर यांच्या त्यात 68, आणि त्यासाठी ते 236 चेंडू खेळले. नंतर तेंडुलकरने 193, गांगुलीने 128 केल्या, द्रविड 148 वर बाद झाला, भारताने 8 बाद 628 वर डाव सोडला आणि एक डाव 46 धावांनी विजय मिळवला. नोंदींच्या यादीत तीन शतकं वर दिसतात आणि 68 खाली राहतात. पहिल्या दिवशी सकाळी नवा चेंडू शिळा कुणी केला, हे मात्र ज्यांनी तो खेळ पाहिला ते विसरलेले नाहीत.

जिल्ह्याचं तिसरं नाव अंबाजोगाईचं. दिग्विजय देशमुख आधी लोकांना दिसला तो पडद्यावर. 2013 च्या 'काय पो छे' चित्रपटात गुणी क्रिकेटपटू असलेला अली हा मुलगा त्याने रंगवला होता. सहा वर्षांनी तो खरोखरच महाराष्ट्राच्या रणजी संघात आला. जम्मू-काश्मीरविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने सहा बळी घेतले आणि 83 धावा ठोकल्या, आणि त्याच डिसेंबरात, 2019 मध्ये, मुंबई इंडियन्सने लिलावात 20 लाखांना त्याला घेतलं.

इतका मोठा जिल्हा आणि नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी का? थोडं उत्तर इतिहासात सापडतं. रणजी स्पर्धा 1934-35 ला सुरू झाली तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. हैदराबादने 1937-38 चा रणजी करंडक जिंकला. ते क्रिकेट राजधानीभोवतीचं, संस्थानाच्या या टोकापर्यंत त्याचा वारा पोहोचला नाही. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा करंडक आणला तेव्हा बीड त्या महाराष्ट्रात नव्हतं. हैदराबाद मुक्त झालं 17 सप्टेंबर 1948 ला. बरोबर तीन महिन्यांनी, डिसेंबरात, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम मोडायला दहाच धावा हव्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. पुण्यात ही परंपरा उभी राहत होती तेव्हा मराठवाड्यात नुकतं स्वातंत्र्य उजाडलं होतं.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज बीडचा खेळाडू पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, म्हणजे निवड चाचणीला पुणं गाठणं आलंच. परळीला रेल्वे जुनी, पण बीड शहरात प्रवासी गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, अहिल्यानगरहून. तोवरच्या सगळ्या पिढ्यांनी किट बॅग एसटीच्या टपावर नाहीतर मांडीवर घेऊन रस्ता कापला.

जालन्याच्या विजय झोलचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद 451 धावा केल्या, आणि 2014 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. वहीचा नियम असा, की कूचबिहार करंडक वयोगटाची स्पर्धा असल्याने ते 451 निंबाळकरांच्या 443 शेजारी बसत नाहीत. नियम बरोबरच आहे. पण मराठवाड्याच्या मुलात किती दम आहे याचा पुरावा म्हणून तो आकडा पुरेसा आहे.

दम गावोगावी दिसतो. उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, चषकाला पुढाऱ्याचं नाव असतं, भोंग्यावर समालोचन चालतं, कापलेल्या उसाच्या रानात षटकार जाऊन पडतात. रोख बक्षिसं लागतात, मांडव पडतात, रात्रीचे दिवे लागतात. त्यातल्या एखाद्या मुलाने लेदर बॉल हातात घ्यायचा ठरवलं तर मात्र त्याला टर्फ शोधत तालुका, कधी जिल्हा ओलांडावा लागतो.

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. पूर्ण खेळपट्टी जमत नसेल तर प्रत्येक तालुक्यात एक अर्धी तरी व्हावी: माती आपलीच, रोलर एकदाच घ्यायचा, आणि पाण्यासाठी पावसाळ्यात भरून ठेवायचं एक शेततळं. दरवर्षी चषकांसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी, शाळा चालवणाऱ्या संस्थांनी आणि बाजार समित्यांनी एका हंगामाची बक्षिसाची रक्कम या कामी लावावी. येत्या पावसाळ्याआधी माती भरली तर दिवाळीनंतर मुलं त्यावर खेळू शकतील.