न झालेल्या फेरफाराची नोंद

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी, सेवाकेंद्रात उताऱ्यासाठी ताटकळलेल्या शेतकऱ्याला संगणक अद्ययावत होत असल्याचे सांगण्यात येते, तेव्हा विलंबाचा सारा दोष तो इंटरनेटच्या माथी मारून मोकळा होतो. परंतु दुरुस्ती चार ओळींची असता जवळजवळ सबंध सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेण्याची पाळी का यावी, याचे मूळ पुष्कळदा ते सॉफ्टवेअर जिथे तयार झाले त्या दप्तरातच सापडते.

पॅच, म्हणजे दुरुस्तीपुरता धाडायचा तुकडा, बांधण्याची रीत अशी की, जुन्या व नव्या आवृत्तीच्या फायली ताडून पाहाव्यात आणि जेवढे भिन्न तेवढेच गिऱ्हाइकाकडे रवाना करावे. पण प्रोग्रॅमरच्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर दर खेपेस आपल्या पदरचे काही घालतो: विंडोजच्या फाइलीच्या शीर्षभागात १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांचा चार बाइटांचा आकडा, डॉटनेटच्या फाइलीत नव्याने काढलेला सोळा बाइटांचा ओळखक्रमांक, कधी तर काम झालेल्या फोल्डरचा पत्ताही. एकाच सातबाऱ्याच्या सोमवारी व मंगळवारी काढलेल्या नकलांत खातेदार, क्षेत्र, आकार यांचा काडीचाही फरक नसताना, केवळ तारीख निराळी म्हणून कारकुनाने ‘फेरफार झाला’ असा शेरा मारावा, तसेच हे घडते. बदललेली फाइल सबंध पाठवणाऱ्या साधनांचा पॅच मग मूळ इन्स्टॉलरएवढा फुगतो.

यावर जुना इलाज म्हणजे, ज्या भागाचा मूळ मजकूर हलला नाही त्याची गेल्या आवृत्तीतील तयार फाइलच कायम ठेवणे. इलाज स्वस्त खरा. पण काय हलले नाही याचा निवाडा माणसाच्या स्मरणावर सोपवलेला असल्याने, एखाद्या सामायिक घटकातील बदल नजरेतून निसटला की जुन्यानव्याचा बेबनाव गिऱ्हाइकाच्या संगणकावर उघडकीस येतो. शिस्त लावायची ती कंपायलरलाच, हे ओळखून डेबियन या मुक्त प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून हा उद्योग निष्ठेने चालवला, आणि २०१५ साली ठरलेल्या संकेतानुसार घड्याळाला वेळ विचारण्याऐवजी मूळ मजकुरातील शेवटच्या बदलाची वेळच फाइलीत घालण्याचा प्रघात पडला. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प कंपायलरलाही त्याच सुमारास अशी सोय मिळाली. तेथे वेळेच्या जागी मजकुरावरूनच काढलेला अंक येतो.

यामुळे पॅचचा आकार घटतो, हा लाभ मला तरी गौणच वाटतो. मूळ मजकूर हाती असलेल्या कोणाही तिऱ्हाइताला तो स्वतः कंपाइल करून, मधल्या मध्ये कोणी काही घुसडले नाही ना, याची शहानिशा करता येते, ही मिळकत त्याहून कितीतरी मोठी.

महसुलापासून शिधापत्रिकेपर्यंतचे व्यवहार ज्या सॉफ्टवेअरच्या हवाली झाले आहेत, ते करवून घेताना सरकारने करारनाम्यात एवढे एक कलम घालावे: मूळ मजकूर आणि कंपायलर तेच असतील, तर दुसऱ्यांदा तयार केलेली फाइल पहिलीशी बाइटागणिक जुळलीच पाहिजे.