काचेच्या पेटीभोवतीची माणसे

अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी मूल जन्मतःच आईजवळून उचलून नवजात अतिदक्षता विभागात नेले जाते, तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या आप्तेष्टांच्या मनात जे तर्ककुतर्क माजतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ यंत्रांविषयीच्या अज्ञानात नसते. त्या यंत्रांभोवती वावरणारी माणसे कोण, त्यांचे हुद्दे कोणते आणि कोणता प्रश्न कोणाला विचारावा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हा दोष आईबापांचा नव्हे, रुग्णालयाच्या रीतीचा आहे, हे आधीच नमूद केलेले बरे.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, 'मोठे डॉक्टर' सकाळी एकदा येऊन जातात आणि उरलेला दिवस मूल 'शिकाऊ' पोरांच्या हवाली असते. वास्तविक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ज्यांना निवासी डॉक्टर म्हणतात, ते एम.बी.बी.एस. होऊन रीतसर नोंदणी झालेले डॉक्टर असून बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असतात. त्यांच्या वरचे नवजात शिशुतज्ज्ञ कोठे एम.डी.नंतर आणखी तीन वर्षे केवळ नवजात मुलांच्याच आजारांचा अभ्यास करून डी.एम. झालेले असतात, तर कोठे अनुभवाने त्या जागी आलेले बालरोगतज्ज्ञ असतात. रात्री दोन वाजता सलाईनची सुई लावणारा हात तरुण असला, तरी उपचाराची दिशा राऊंडला ठरलेली आणि केसपेपरावर लिहिलेली असते. दोन डॉक्टरांच्या सांगण्यात तफावत वाटली, तर खरे कोण हा वाद न घालता 'आजच्या राऊंडला काय ठरले?' एवढेच विचारावे. सकाळ-संध्याकाळ मुलाची अवस्थाच पालटत असल्यामुळे दोघेही खरे असण्याचा संभव असतो.

सिस्टर म्हणजे डॉक्टरांचे हुकूम बजावणारी, हा समज तर अन्यायाचाच आहे. मुलाचे पोट फुगले, रंग उतरला, हालचाल मंदावली, हे बहुधा प्रथम तिलाच कळते, कारण पाळीभर त्याच्याजवळ उभी असते ती तीच. नळीने दूध पाजताना तिला जरा निरखून पाहावे. दट्ट्या काढलेली सिरिंज ती मुलाच्या अंगापासून वीतभर उंच धरते, आतले पाच-दहा मिलिलिटर दूध आपल्याच भाराने सावकाश उतरू देते, आणि दृष्टी मात्र सिरिंजवर नव्हे, मुलाच्या छातीवर व ओठांच्या रंगावर खिळलेली असते. दट्ट्या दाबून हे काम क्षणात उरकता येईल. ते तसे उरकायचे नसते, हेच तिचे शिक्षण.

यंत्र कर्कश वाजत असता हीच सिस्टर धावत नाही, हे पाहून पालकांचा जीव खालीवर होतो. परंतु तळपायाला पट्टीने बांधलेला तो तांबड्या प्रकाशाचा सेन्सर मुलाने पाय झाडला तरी वाजतो. म्हणून ती आधी मुलाकडे पाहते, मग पडद्याकडे. पडद्यावरच्या आकड्याविषयीही असाच घोटाळा होतो. प्राणवायूवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारणतः ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान मुद्दाम राखले जाते. १०० हा आकडा पाहून बापाला समाधान वाटते, तर सिस्टर त्याच आकड्याने अस्वस्थ होऊन प्राणवायू कमी करू लागते. या सावधगिरीमागे मोठा अनर्थ आहे. १९४० नंतर पाश्चात्त्य देशांतील सुसज्ज रुग्णालयांत अशा मुलांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला गेला आणि हजारो मुलांची दृष्टी गेली, मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये संशयाचे बोट प्राणवायूकडेच दाखविले. आजही ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या जन्मलेल्या मुलाचा दृष्टिपटल महिन्याच्या आत तपासावा, असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणजे, 'श्वासाचा आजार, मग डोळ्यांचा डॉक्टर कशाला? बिल फुगवायला!' असा ज्याच्यावर आरोप होतो, त्या नेत्रतज्ज्ञाला परत पाठविणे सर्वांत महागात पडते, कारण लेसर उपचाराची वेळ एकदा टळली की ती पुन्हा येत नाही.

राहिली आई. तिला 'बाहेरची' समजणारे पालक आहेत, आणि (खेदाने म्हणावे लागते) कर्मचारीही आहेत. वस्तुतः केंद्र शासनाने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आईवडिलांना हात धुण्यापासून मुलाला उघड्या छातीशी धरण्यापर्यंत सारे शिकवून काळजीत सामील करून घ्यायचे असते. तिचे दूध कमी पडले, म्हणून स्तनपान सल्लागार येते ती दोष द्यायला नव्हे, दूध काढायला शिकवायला. तेवढ्यानेही न भागल्यास दुग्धपेढी असते. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली. तेथे दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते, तेव्हा परक्या दुधाने रोग जडेल, ही सासूबाईंची धास्ती अनाठायी ठरते.

मुलाची प्रकृती मात्र झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारू नये; त्यांच्या फडक्यावर विभागाची निर्जंतुकता अवलंबून असली, तरी केसपेपर त्यांच्या ताब्यात नसतो. पैशाची विवंचना असेल, तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना गाठावे. आजारी नवजाताचे औषधोपचार तेथे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत, आणि त्याबाबत कोणी पैसे मागितले, तर तक्रार करण्याची मुभा प्रत्येक बापाला आहे.