खेकड्याचे आमिष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रात गरीने मासे धरताना खेकडा हे भरवशाचे आमिष मानले जाते. ब्रिटनच्या किनाऱ्यावर त्यासाठी मुख्यतः तिथलाच हिरवा खेकडा वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला आणि तिथेही आमिष झाला. या आमिषाबद्दलचे काही समज मात्र तपासून घेण्यासारखे आहेत.

गैरसमज : कठीण कवचाच्या खेकड्याला मासा तोंड लावत नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या टॉटॉग माशाच्या घशात दाढांसारखे दात असतात, कवच फोडून खाणे हाच त्याचा रोजचा उद्योग. शीप्सहेड आणि ब्लॅक ड्रम हे मासेही कवच फोडून खाणारेच. त्यांच्यासाठी बारीक खेकडा अख्खा आणि मोठा असेल तर अर्धा कापून लावतात. पाय मोडल्यावर उरलेल्या खाचेतून गरी घालून तिचे टोक उघडे ठेवतात.

गैरसमज : मऊ खेकड्याची जातच वेगळी.
वस्तुस्थिती : वाढीच्या काळात प्रत्येक खेकडा वेळोवेळी कवच टाकतो. पाणी शोषून अंग फुगते, जुने कवच मागच्या कडेला उकलते आणि खेकडा मागे सरकत बाहेर पडतो. नवे कवच काही दिवसांत कडक होते; तोवरचा खेकडा म्हणजेच मऊ खेकडा.

गैरसमज : जितका मऊ, तितका उत्तम.
वस्तुस्थिती : नुकतेच कवच टाकलेल्या खेकड्याचे मांस पाणचट असते. ब्रिटनमधले गरवणारे कवच टाकण्याच्या बेतातला खेकडा पसंत करतात. ओळखण्यासाठी पायाचे शेवटचे पेर पिळून ओढतात. कवच मोज्यासारखे निघून आत नवी मऊ त्वचा दिसली, तर खेकडा तयार. नुसता पांढरा तंतू ओढला गेला, तर अजून अवकाश आहे. सोललेले मऊ अंग गरीवर टिकत नाही, म्हणून ते बारीक लवचीक दोऱ्याने बांधतात. बास, कॉड आणि स्मूथहाउंड जातीची मुशी या आमिषाला लागतात.

गैरसमज : खेकडा बादलीभर पाण्यात जास्त टिकतो.
वस्तुस्थिती : साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि खेकडे गुदमरून मरतात. कल्ले ओले असले, तर हिरवा खेकडा हवेतूनही प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे ओल्या समुद्रशेवाळात, सावलीत, थंड जागी ठेवणे बरे. नळाचे गोडे पाणी वापरू नये.

गैरसमज : उरलेले जिवंत खेकडे कुठल्याही किनाऱ्यावर सोडले तरी चालतात.
वस्तुस्थिती : परक्या पाण्यात सोडलेला खेकडा तिथे उपद्रव ठरू शकतो. अमेरिकेत हिरवा खेकडा शिंपले फस्त करणारा उपद्रवी म्हणूनच ओळखला जातो. मूळचा पूर्व आशियातला एक किनारी खेकडाही १९८८ मध्ये न्यू जर्सीत आढळला आणि पुढे त्या किनाऱ्यावर फैलावला. म्हणून जिवंत आमिष एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊन सोडू नये. पोटाखाली अंडी असलेली मादी आमिषाला घेऊ नये. काही ठिकाणी काही जातींच्या अशा माद्या पकडण्यास कायद्यानेच बंदी आहे. कोणती जात आणि किती आकाराचा खेकडा पकडता येतो, हे त्या त्या किनाऱ्याच्या नियमांवर ठरते.