स्टार, हॅश आणि गप्प झालेला फोन

रात्रीचे दोन वाजले आहेत. अतिदक्षता विभागातील परिचारिका रुग्णाच्या मुलाला फोन लावते. वडिलांची प्रकृती अचानक बिघडली आहे, रक्त लागणार आहे आणि शस्त्रक्रियेसाठी सही हवी आहे. परिचारिकेच्या कानात रिंग ऐकू येते, पण घरी उशाशी ठेवलेला मुलाचा फोन वाजतच नाही. तो बंद नाही, रेंजही आहे आणि चार्जिंगही भरपूर आहे. आदल्या दिवशी ‘औषधांचे पार्सल आले आहे, डिलिव्हरीसाठी हा कोड डायल करा’ असे सांगणारा एक फोन आला होता. मुलाने घाईत सांगितलेले आकडे दाबले. तेव्हापासून त्याचे सगळे कॉल भलत्याच कुणाच्या तरी फोनवर जात आहेत.

हा प्रसंग कल्पनेतला असला, तरी त्यामागची युक्ती खरी आहे. फोनच्या कोडमधून होणाऱ्या फसवणुकीची चर्चा बँक खात्यापाशी थांबते. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घराला मात्र आणखी एक धोका असतो. गरजेच्या वेळी फोन वाजतच नाही.

कोड म्हणजे काय?

मोबाइलमधील स्टार आणि हॅशचे कोड गुप्त नाहीत. जीएसएम तंत्रज्ञान आले तेव्हाच त्यांचे नियम ठरले. सुरुवातीला स्टार असेल तर ‘सेवा सुरू करा’, हॅश असेल तर ‘बंद करा’ आणि स्टार-हॅश असेल तर ‘स्थिती सांगा’. पुढचा आकडा सेवा कोणती ते सांगतो. २१ म्हणजे येणारा प्रत्येक कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणे. फोन व्यग्र असताना वळवायचे तर ६७, उचलला नाही तर ६१, संपर्काबाहेर असेल तर ६२. कंपनीनुसार आकडे बदलतात. आपल्याकडे काही कंपन्यांचे कोड ४०१ ने सुरू होतात.

ही सोय मुळात उपयोगाचीच आहे. दवाखाना बंद झाल्यावर डॉक्टर आपल्या दवाखान्याचे कॉल घरच्या फोनवर वळवतात ते याच सोयीने. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही असे कोड चालतात, म्हणून सार्वजनिक आरोग्यातही त्यांचा वापर झाला. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये ‘मॉमकनेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. गरोदर स्त्रिया एका कोडने नाव नोंदवतात आणि त्यांना महिन्यांनुसार आरोग्यसंदेश मिळतात.

चोर हीच सोय उलटी वापरतो. तो सांगतो त्या कोडमध्ये आधी स्टार आणि २१ किंवा ४०१ असते आणि त्यापुढे दहा आकडी मोबाइल नंबर. तो नंबर चोराचा असतो. कोड डायल झाला की येणारे कॉल तिकडे जातात. एसएमएस वळत नाहीत, पण ओटीपी फोन करून सांगण्याची सोय बऱ्याच सेवांमध्ये असते. त्या वाटेने व्हॉट्सॲप खाते चोराच्या ताब्यात जाते आणि मग नातेवाइकांना संदेश जातात, ‘रुग्णालयात आहे, तातडीने पैसे पाठवा’. खात्री करायला कुणी फोन केलाच, तर तोही चोराकडेच जातो.

ही सूचना फोनमध्ये नव्हे, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत साठवली जाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे फोन बंद करून पुन्हा सुरू केला, एखादे ॲप काढून टाकले किंवा सिम नव्या हँडसेटमध्ये घातले, तरी कॉल वळतच राहतात.

चाचणी कशाची, निष्कर्ष कशाचा?

याच विषयावर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘स्टार-हॅश-२१-हॅश दाबा, तुमचा फोन टॅप होतो आहे का ते कळेल.’ हा दावा खोटा आहे. हिमोग्लोबिन तपासून मूत्रपिंडाचे काम कळत नाही, तसेच हे आहे. हा कोड कॉल वळवलेले आहेत की नाहीत एवढेच सांगतो.

कायदेशीर परवानगीने होणारे टॅपिंग कंपनीच्या यंत्रणेत होते. त्याचा माग ग्राहकाच्या फोनवर कोणताही कोड देत नाही. हेरगिरी करणारे सॉफ्टवेअरही या कोडने सापडत नाही. म्हणजे चाचणी ‘सर्व ठीक’ म्हणाली, तरी फोन सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. उलटही घडते. स्टार-हॅश-६२-हॅश दाबल्यावर एखादा अनोळखी नंबर दिसतो आणि माणूस घाबरतो. बऱ्याचदा तो कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल कळवणाऱ्या सेवेचा असतो.

स्टार-हॅश-०६-हॅश या कोडने हँडसेटचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा. फोन हरवला तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो बंद करायला उपयोगी पडतो.

भीतीचीही मात्रा असते

खासगी माहितीची काळजी अवाजवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, काही अपवाद वगळता, रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. दुसरीकडे, रक्ततपासणीचा अहवाल आता फोनवर येतो आणि ‘आभा’चा चौदा आकडी क्रमांक मोबाइलवरच्या ओटीपीने काढता येतो. आजाराच्या कपाटाची किल्ली बऱ्याच अंशी फोनमध्ये गेली आहे.

पण ही काळजी प्रमाणाबाहेर गेली तर तिचाही त्रास रुग्णालाच होतो. माहिती फुटेल या धास्तीने काही जण केस पेपरवर चुकीचा नंबर लिहितात. मग क्षयाचे निदान झालेल्या रुग्णाला औषध सुरू करायला बोलावता येत नाही, बायोप्सीचा अहवाल टेबलावर पडून राहतो. कुणी मन खचलेले असतानाही ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला कचरतो. १०८, ११२, १०४ आणि १४४१६ हे सरळ क्रमांक आहेत. त्यांत स्टार नाही, हॅश नाही, पुढे कुणाचा मोबाइल नंबर जोडायचा नाही.

काय करावे?

फोनवर कुणीही सांगितलेला कोड डायल करू नये. कोडच्या पोटात दहा आकडी नंबर दिसला, तर सांगणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवावा.

शंका आली तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहावे. हॅश-हॅश-००२-हॅश या कोडने वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडने कॉल वळवण्याची सेवा थांबवण्याचे आदेश कंपन्यांना दिले. तरीही गाफील राहू नये, कारण सेटिंगमधून कॉल वळवता येतात आणि चोर तेही करवून घेऊ शकतो. कोडला उत्तर मिळाले नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारावे.

व्हॉट्सॲपला ‘टू-स्टेप’ पिन लावावा. आई-वडिलांच्या फोनवर तो त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हाताने लावून घ्यावा.

घरातील कुणी रुग्णालयात दाखल असेल, तर वॉर्डमध्ये दोन वेगवेगळ्या माणसांचे नंबर द्यावेत. आपला फोन लागतो का, ते दुसऱ्या फोनवरून रोज एकदा पाहावे.

फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी गेलेली रक्कम अडवण्याची शक्यता अधिक. लाजेपोटी माणसे दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत, छातीत दुखत असतानाही ‘गॅस असेल’ म्हणत सकाळची वाट पाहावी तसे. दोन्ही ठिकाणी नुकसान होते ते त्या गेलेल्या वेळाने. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अशी चूक झाली, तर आधी त्यांना रागावू नये. पुढच्या वेळी त्यांनी लगेच सांगितले पाहिजे.